साथीनंतरची भटकंती : शहापूर-मुरबाडला निघण्यापूर्वी तब्येतीचा विचार

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबई-ठाण्याची लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली. पुढच्या काळात ती कधी ठरावीक वेळेतच, तर 15 ऑगस्ट 2021 पासून दोन डोस घेतलेल्यांनाच अशी टप्प्याटप्प्याने खुली होत गेली. लांबचे प्रवास रद्द झाले, पण घरात बसून कंटाळलेली कुटुंबे स्वतःच्या गाडीने दोन-तीन तासांत जाता येईल अशी मोकळी जागा शोधू लागली. शहापूर आणि मुरबाड तालुके त्यासाठी सोयीचे. माहुली, भातसा, माळशेज घाट, नाणेघाट, गोरखगड, शिवाय शेतघरे. गर्दी नको, हॉटेल नको, जवळचे आणि उघड्यावरचे हवे, ही साथीत लागलेली सवय अनेकांनी पुढेही ठेवली. (साथीला घाबरून शहराबाहेर पडणे तसे जुनेच आहे. 1896 च्या प्लेगमध्येही लाखो लोकांनी मुंबई सोडली होती.)

डॉक्टर म्हणून मला ही सवय चांगली वाटते. मोकळ्या हवेत श्वसनमार्गाच्या आजारांचा संसर्ग कमी होतो. पण तुमच्या घरात कोणी नुकतेच आजारातून उठले असेल, तर पुढचे नीट वाचा.

कोविड, फ्लू किंवा न्यूमोनियानंतर

ताप गेला म्हणजे शरीर पूर्ववत झाले असे नाही. माहुलीची उंची सुमारे 2800 फूट आहे. पावसाळ्यात वाट निसरडी आणि दमछाक करणारी असते. सर्व लक्षणे गेल्यावर किमान एक आठवडा घराजवळ सपाट रस्त्यावर चालून पाहा. मग जिने चढून पाहा. बोलता बोलता चालताना धाप लागत असेल, तर डोंगर पुढे ढकला. छातीत दुखणे, धडधड, चक्कर किंवा दोन दिवस न जाणारा थकवा जाणवला तर आधी डॉक्टरांना दाखवा. ईसीजी लागू शकतो. आजारात रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल किंवा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढाई नको. ‘मी पूर्वी दरवर्षी जायचो’ हे कारण इथे चालत नाही.

अशा जागांची खरी अडचण अंतराची आहे. मुरबाडला आजही रेल्वे नाही. घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडलाही सरकारी रुग्णालय आहे, पण गडाच्या माथ्यावरून तिथे पोहोचायला काही तास जाऊ शकतात. रोजची औषधे एका दिवसाची जास्त घ्या, इन्हेलर गाडीत न ठेवता खिशात ठेवा आणि 108 हा क्रमांक सगळ्यांना सांगून ठेवा. साप चावला तर चावलेला भाग हलवू नका, कापू नका, घट्ट आवळू नका. मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठा, तिथे प्रतिविष मोफत मिळते.

धबधबे आणि धरणांच्या परिसरात पावसाळ्यात प्रशासन मनाई आदेश काढते. ते बुडून होणाऱ्या मृत्यूंमुळे काढले जातात, तेव्हा ते पाळा.

तुम्ही ज्यांच्या घरी उतरता

साथीत अनेक गावांनी वेशीवर अडथळे उभे केले होते. शहरातल्या पाहुण्यांना त्याचा राग आला, पण ज्या पाड्यावरून दवाखाना दूर आहे तिथे ही भीती रास्तच होती. आजही खोकला, ताप असताना ‘हवापालट’ म्हणून निघू नका. ज्या घरात जेवता तिथे म्हातारी माणसे, तान्ही बाळे असतात. पाणीही जपून वापरा. भातसा आणि तानसा मुंबईला पाणी देतात, तरी शहापूरच्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पिण्याचे पाणी उकळलेले घ्या किंवा घरून न्या.

परत आल्यावर

पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून, चिखलातून चालला असाल तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता लक्षात ठेवा. लक्षणे बहुधा 5 ते 14 दिवसांत दिसतात, कधी महिनाभरानेही. ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन देतात, पण गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ते चालत नाही, म्हणून स्वतःहून घेऊ नका. तपासताना कुठे गेला होतात, पाण्यात उतरला होतात का, हे न विचारताच सांगा. तापाची तपासणी त्यावरून ठरते.