एकखंडी एपिक फँटसी कादंबरी

संपूर्ण कल्पित जगात घडणारी, राज्यांचे किंवा जनसमूहांचे भवितव्य पणाला लावणारी आणि एकाच पुस्तकात पुरी होणारी दीर्घ कादंबरी. इंग्रजी वाचक तिला ‘स्टँडअलोन’ म्हणतात. एपिक फँटसीत बहुखंडी मालिकांचा वरचष्मा असल्याने अशा कादंबऱ्या कमी आहेत.

मालिकेची प्रथा वाङ्मयीन गरजेपोटी पडली, असा समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. ई. आर. एडिसन यांची ‘द वर्म ओरोबोरोस’ (१९२२) एकाच खंडात संपते. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या दृष्टीने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हीसुद्धा एकच सलग कृती होती. महायुद्धानंतरची कागदटंचाई आणि छपाईचा खर्च यांमुळे ती १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली. पुढच्या लेखकांनी आणि प्रकाशकांनी त्या तीन खंडांचाच कित्ता गिरवला.

या प्रकारातली सर्वांत समर्थ कृती म्हणून कॅनडाचे लेखक गाय गॅव्हरिएल के (जन्म १९५४) यांच्या ‘टिगाना’कडे (१९९०) बोट दाखवावे लागते. के यांनी तरुणपणी टॉल्किन यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांना वडिलांच्या ‘द सिल्मॅरिलियन’च्या संपादनात मदत केली होती आणि ‘टिगाना’च्या आधी स्वतः एक त्रिखंडी मालिकाही लिहिली होती. प्रबोधनकालीन इटलीच्या धर्तीवर रचलेल्या एका द्वीपकल्पात ‘टिगाना’ घडते. युद्धात मुलगा गमावलेला जादूगार राजा ब्रँडिन एका प्रांतावर असा सूड उगवतो, की तिथे त्याआधी जन्मलेल्यांखेरीज कोणालाही त्या प्रांताचे नाव ऐकूच येऊ नये. शेवटची पिढी गेली, की नावही गेले. पराभूतांची भाषा आणि इतिहास पुसून टाकणारी सत्ता यापेक्षा नेमकेपणाने मांडणे कठीण आहे. सबंध कादंबरी या एकाच जखमेभोवती फिरते आणि म्हणून ती एका खंडात मावते.

तिचा शेवटही या प्रकाराचे बळ दाखवतो. वाचकाला उमगलेले एक मोठे गुपित नायकांना अखेरपर्यंत कळत नाही. शेवटच्या पानावर तिघांना एक शकुन दिसतो. त्यांच्यापैकी एकाला मरण आहे, पण कोणाला, ते न सांगताच पुस्तक मिटते. पुढचा खंड यायचा असता, तर ही रहस्ये केवळ उत्कंठा ताणण्याचे साधन झाली असती. इथे ती कायमची राहतात आणि वाचकाला चटका लावतात.

‘टिगाना’ निघाली त्याच वर्षी रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा पहिला खंड आला. १४ खंडांची ही मालिका २०१३ मध्ये पुरी झाली, तीही २००७ मध्ये जॉर्डन वारल्यानंतर ब्रँडन सँडरसन यांच्या हातून. वाचकाला मालिकेत अशी दशकांची वाट पाहावी लागते. एकखंडी पुस्तक हाती घेताना शेवट लिहिला गेला आहे, एवढी खात्री तरी असते.

जग उभे करायला मात्र पाने लागतात, हा या प्रकाराचा मुख्य अडसर. नवे भूगोल, धर्म, घराणी वाचकाच्या अंगवळणी पडेपर्यंत निम्मे पुस्तक सरते. के यांनी यावर इतिहासाचा आधार घेतला. ‘द लायन्स ऑफ अल-रासान’मागे (१९९५) मध्ययुगीन स्पेन आहे आणि त्याची ओळख असलेल्या वाचकाला फार समजावावे लागत नाही. सुझॅना क्लार्क यांनी ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’मध्ये (२००४) संपूर्ण कल्पित जगाची अट सोडून नेपोलियनकालीन इंग्लंडच पार्श्वभूमीला घेतले आणि जादूचा शतकानुशतकांचा इतिहास कपोलकल्पित ग्रंथांच्या तळटीपांत घातला. त्या टीपांमुळे मुख्य कथा न लांबवता जगाला खोली येते. ही युक्ती विलक्षण यशस्वी ठरली आहे.

असा आधार नसला की दाटी होते. समांथा शॅनन यांच्या ‘द प्रायरी ऑफ द ऑरेंज ट्री’मध्ये (२०१९) आठशेहून अधिक पाने आहेत. ड्रॅगनांना पूजणारी पूर्व आणि त्यांना भिणारी पश्चिम त्यांत मनापासून रंगवली आहे. पण ज्या शत्रूची भीती एवढा वेळ घातली, त्याच्याशी होणारी लढाई घाईत उरकते. मालिकेत हळूहळू मुरणारी दुय्यम पात्रेही इथे कामापुरती येऊन जातात. ज्या वाचकाला त्या जगात वर्षानुवर्षे राहायचे आहे, त्याची भूक एका पुस्तकाने भागत नाही, आणि ही तक्रार रास्त आहे.

प्रकाशन व्यवसायाचा ओढाही मालिकेकडेच असतो, कारण पहिल्या खंडाचा वाचक पुढच्या खंडांचे गिऱ्हाईक होतो. लोकप्रिय झालेली एकखंडी कादंबरी त्यामुळे फार काळ एकटी राहत नाही. ‘प्रायरी’ची पूर्वकथा २०२३ मध्ये आली. कॅथरीन अ‍ॅडिसन यांच्या ‘द गॉब्लिन एम्परर’ (२०१४) या स्वयंपूर्ण कादंबरीच्या जगातही २०२१ पासून दुसऱ्या नायकाच्या कथा सुरू झाल्या. ‘टिगाना’ला अजून पुढचा भाग नाही.