बडोद्याचे न्यायमंदिर

सरकारी इमारतींना सहसा साधी नावे असतात. कचेरी, कोर्ट, खजिना, तुरुंग ही ती नावे. त्यांत कामाचा निर्देश असतो, आशयाचा नसतो. बडोद्यात सूरसागर तलावापासून हाकेच्या अंतरावर, जुन्या वस्तीच्या गजबजाटात उभी असलेली एक इमारत मात्र याला अपवाद आहे. १८९६ साली ती पूर्ण झाली आणि तिचे नाव पडले ‘न्यायमंदिर’. शंभराहून अधिक वर्षे हेच नाव शहराच्या बोलण्यात इतके रुळले की, रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत कोणालाही ‘डिस्ट्रिक्ट कोर्ट’ म्हणावेसे वाटले नाही. नाव रोजच्या वापराने झिजते हे खरे. परंतु ते कोणत्या परिस्थितीत दिले गेले हे पाहिले, म्हणजे त्यामागील अर्थ पुन्हा उजळून निघतो.

हा अर्थ समजण्यासाठी इमारतीच्या पायाभरणीच्याही मागे, १८७५ सालापर्यंत जावे लागते. त्या वर्षी बडोद्याच्या गादीवरचा राजाच आरोपी म्हणून उभा होता. मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट कर्नल फेअर यांना विषप्रयोग करण्याचा कट रचल्याचा आरोप ठेवण्यात आला व चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन नेमले गेले. बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच हे अध्यक्ष. त्यांच्याबरोबर दोन इंग्रज अधिकारी. आणि हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह व ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांचे वकीलपत्र घेण्यासाठी सार्जंट बॅलन्टाइन हे नामांकित बॅरिस्टर विलायतेहून आले होते. कमिशनचे मत दुभंगले. तिघा इंग्रजांनी आरोप सिद्ध मानला; तिघा हिंदी सभासदांनी तसे मानले नाही. तेव्हा हिंदुस्थान सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूस ठेवून गैरकारभाराच्या कारणाने मल्हाररावांना पदच्युत केले आणि मद्रासला पाठविले. तेथेच १८८२ मध्ये त्यांचा अंत झाला.

मल्हाररावांचा कारभार चांगला होता असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या आरोपावर खटला चालला त्याचा निकाल लागला नाही, आणि ज्या कारणासाठी शिक्षा झाली त्याचा तो खटलाच नव्हता, ही गोष्ट त्या काळच्या सुशिक्षितांच्या मनाला डाचत राहिली. न्याय करणारा जेव्हा सत्ताधारीही असतो, तेव्हा न्यायाचे काय होते, याचा हा धडा बडोद्याच्या राजवाड्यातच गिरवला गेला होता.

त्याच वर्षी खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच तिसरे सयाजीराव. ते सज्ञान होईपर्यंत दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्याची घडी बसविली. न्यायखात्याची रचनाही त्यांच्याच काळात नीट आकाराला येऊ लागली. १८८१ च्या डिसेंबरात सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले. पुढील पंधरा वर्षांत राजधानीचे रूप पालटले. कॉलेज, वस्तुसंग्रहालय, लक्ष्मीविलास राजवाडा अशा वास्तू एकामागून एक उभ्या राहिल्या. न्यायमंदिर ही याच मालिकेतील वास्तू. तिचा आराखडा रॉबर्ट चिझम यांचा मानला जातो. मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज व विद्यापीठाचे सिनेट हाउस बांधून नावाजलेले हे वास्तुकार मेजर मँट यांच्या निधनानंतर लक्ष्मीविलासच्या कामावर आले होते. बडोद्याच्या शैलीत पूर्व-पश्चिमेचा जो संगम दिसतो, त्याचे पुष्कळसे श्रेय त्यांच्याकडे जाते.

या वास्तूचे हृदय म्हणजे तिचा मधला भव्य दिवाणखाना. त्याची जमीन व भिंती रंगीत मोझेइकच्या, आणि त्यात एका तरुण स्त्रीचा पुतळा. ही स्त्री न्यायदेवता नव्हे. हातात तराजू नाही, डोळ्यांवर पट्टी नाही. ती आहे महाराणी चिमणाबाई. येथे वाचकांचा एक नेहमीचा गोंधळ दूर करणे अवश्य आहे. सयाजीरावांच्या दोन्ही राण्यांचे नाव चिमणाबाई. १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या त्या दुसऱ्या चिमणाबाई, माहेरच्या घाटगे. न्यायमंदिरातील पुतळा पहिल्या चिमणाबाईंचा. त्या तंजावरच्या मोहिते घराण्यातील, माहेरचे नाव लक्ष्मीबाई. १८८० च्या जानेवारीत त्यांचा विवाह झाला आणि १८८५ च्या मे महिन्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. वय अवघे एकवीस वर्षांच्या आसपास. त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी व वादकांचा ताफा बडोद्यास आला, आणि कावेरीकाठचे नृत्य विश्वामित्रीच्या काठी रुजले. आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी कुटुंबांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. तंजावरची मराठी कन्या, कवळाण्याचा मराठी मुलगा आणि गुजराती प्रजेचे राज्य, असा हा संसार होता. आणि त्याच्या अकाली तुटलेल्या धाग्याची आठवण राजाने राजवाड्यात न ठेवता न्यायालयात ठेवली.

तथापि, पुतळा आणि घुमट एवढ्याने न्यायमंदिर होत नाही. सयाजीरावांचे मोठेपण हे की, वास्तूला जे नाव दिले त्याला साजेसे कायदे करण्याचा त्यांनी चार दशके ध्यास घेतला. १९०४ मध्ये बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात सारडा कायदा येण्यास त्यानंतर पंचवीस वर्षे लागली. १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. १९३१ मध्ये हिंदू स्त्री-पुरुषांना घटस्फोटाचा हक्क मिळाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या दोन तपे आधी. रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये बडोद्यास अमात्य म्हणून आले, तेव्हा कारभार आणि न्याय ही दोन कामे एकाच अधिकाऱ्याच्या हाती असू नयेत, या तत्त्वाला राज्यात प्रत्यक्ष रूप आले. ब्रिटिश मुलखात हीच मागणी काँग्रेस वर्षानुवर्षे ठरावांतून करीत होती. १८७५ चा धडा ज्याने लहानपणी ऐकला असेल, त्याला या सुधारणेचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

कायदा लोकांना समजला पाहिजे, हाही त्यांचा आग्रह होता. घराणे मराठी असूनही राज्यकारभाराची भाषा प्रजेची गुजराती ठेवण्यात आली. शासनव्यवहारातील पारिभाषिक शब्दांचा ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा बहुभाषिक कोश १९३१ मध्ये सिद्ध झाला, त्यात गुजरातीबरोबर मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू अशा भाषांतील प्रतिशब्दही दिलेले आहेत. ज्याच्यावर खटला चालतो त्याला तो कळावा, एवढी साधी अपेक्षा यामागे होती. बडोद्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषविलेले अब्बास तय्यबजी पुढे गांधीजींबरोबर जालियनवाला बागेच्या चौकशीत काम करताना दिसतात आणि १९३० मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जातात. या संस्थानाच्या न्यायखात्याने कोणत्या तोलाची माणसे पाहिली, याचा हा एक दाखला.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, गुजरात वेगळे झाले. राजाचे न्यायमंदिर जिल्हा न्यायालय झाले. अपिले आधी मुंबईस, मग अहमदाबादेस जाऊ लागली. नाव मात्र तेच राहिले, आणि त्या नावाने शहराला कठीण प्रसंगी प्रश्नही विचारला. २००२ च्या दंगलीत बेस्ट बेकरीत चौदा माणसे मारली गेली. २००३ मध्ये याच शहरातील जलदगती न्यायालयाने सर्व एकवीस आरोपींना सोडले. आणि एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला महाराष्ट्रात पुन्हा चालविण्याचा आदेश दिला. २००६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने त्यांतील नऊ जणांना दोषी ठरविले. पुढे २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने चौघांची शिक्षा कायम केली. ज्या शहराने न्यायाला मंदिर म्हटले, त्या शहरातून खटला बाहेर न्यावा लागला, ही खंत पुसून टाकण्याजोगी नाही. ती पुसू नये, यासाठीच इतिहास असतो.

२०१८ मध्ये न्यायालये दिवाळीपुरा भागातील नव्या संकुलात गेली. जागा अपुरी पडत होती. स्थलांतर अटळ होते. त्यानंतर जुन्या वास्तूत शहराचे संग्रहालय करावे, असा विचार पुढे आला. विचार उत्तम आहे. मात्र संग्रहालय म्हणजे तलवारी, तैलचित्रे आणि पालख्या एवढेच असेल, तर ते लक्ष्मीविलासातही पाहता येते. न्यायमंदिरात मांडण्याजोगी वस्तू निराळी आहे: १८७५ च्या दुभंगलेल्या कमिशनची हकिकत, बालविवाहाचा कायदा, त्याखाली चाललेले खटले, गुजरातीत लिहिलेले निकालपत्र, घटस्फोट मागणाऱ्या पहिल्या स्त्रियांचे अर्ज. यांतले जे कागद दप्तरखान्यात शिल्लक असतील, ते शोधून त्या दिवाणखान्यात, चिमणाबाईंच्या पुतळ्याभोवती मांडले पाहिजेत.

बडोद्यातील मराठी घराण्यांनी या कामी पुढे यावे, असे सुचवावेसे वाटते. कित्येकांचे आजे-पणजे न्यायखात्यात कारकून, वकील, मुन्सफ होते. माळ्यावरच्या ट्रंकांत सनदा, नेमणुकीचे हुकूम, वकिलीच्या वह्या असण्याचा संभव आहे. वाळवीच्या आधी माणसाचा हात तेथे पोहोचला, तर मंदिर रिकामे झाले असे म्हणण्याची पाळी येणार नाही.