कऱ्हाकाठची वाट आणि कुटुंबाची सहल

हिवाळा स्थिरावला आणि शाळांना नाताळची सुटी लागली, म्हणजे पुण्याहून दिवेघाट चढून निघालेल्या मोटारी सासवड, जेजुरी, मोरगाव अशा क्रमाने कऱ्हेच्या काठाकाठाने उतरत सुप्याच्या माळावर येतात, तेथे चिंकारा हरिणांचा कळप दृष्टीस पडेपर्यंत धीर धरतात, बारामतीत जेवण उरकतात आणि दिवस कलण्यापूर्वी भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहण्यास पोहोचतात. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना एकाच दिवसात देवदर्शन, वनदर्शन आणि जलदर्शन घडविणारी ही कौटुंबिक सहल अलीकडची खरी. परंतु जिच्यावरून ती जाते ती वाट फार जुनी आहे, आणि त्या वाटेवर प्रेक्षणीय म्हणून जे जे दाखविले जाते, ते ते एक तर पाण्याच्या अभावाने घडलेले आहे किंवा पाणी अडविल्यामुळे निर्माण झालेले आहे, असे या प्रदेशाचा इतिहास पाहता मला निश्चितपणे वाटते.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेला हा मुलूख. पावसाचे मान वर्षास वीस इंचांच्या आसपास, तेही वेळेवर येईलच असा भरवसा नाही. पुरंदरच्या डोंगरात उगम पावणारी आणि सोनगावाजवळ नीरेला मिळणारी कऱ्हा वर्षातील बहुतेक काळ वाळूचे पात्र घेऊन असते. अशा मुलखात निव्वळ मौजेखातर प्रवासाला निघावे ही कल्पनाच पूर्वीच्या कुणब्याच्या संसारात बसणारी नव्हती. घराबाहेर पडायचे ते देवाच्या निमित्ताने. चिंचवडहून माघात आणि भाद्रपदात मोरगावी जाणारी मंगलमूर्तींची पालखी, सोमवती अमावास्येला जेजुरीचा खंडोबा कऱ्हास्नानास निघतो तो सोहळा, नीरा-भीमा संगमावरचा नरसिंगपूरचा नरसिंह, हीच या लोकांची प्रवासाची दिनदर्शिका होती. धमणीला बैल जुंपावे, बायकामुलांना आत बसवावे, दशम्या आणि चटणीची शिदोरी बांधून घ्यावी, बारवेच्या काठी बैल सोडून भाकरतुकडा खावा आणि पुन्हा वाटेला लागावे, असा तो क्रम असे. मोरगावच्या देवळाची चारी कोपऱ्यांना मनोरे असलेली उंच तटबंदी आणि गणपतीसमोर बसलेला प्रचंड नंदी पाहून आजची मुले जो विस्मय व्यक्त करतात, तोच विस्मय त्या धमणीतल्या मुलांच्याही डोळ्यांत उमटला असेल.

मोरगावहून पुढे सुपे लागते. कागदोपत्री सुपे परगणा म्हणून ज्याची नोंद शतकानुशतके होत आली आणि जो पुण्याबरोबर भोसल्यांच्या जहागिरीत मोडत असे, ते हे गाव. येथील ठाणे शिवाजी महाराजांनी आपले सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडून ताब्यात घेतले ती हकीकत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र याच सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी जे घडले ते त्यांना सांगणारे कोणी मोटारीत असतेच असे नाही. त्या दिवशी भोवतालच्या खेड्यांतले शेतकरी गोळा झाले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांतून गहाणखते, कर्जरोखे आणि खतावण्या बाहेर काढून जाळल्या. इतिहासात ज्यास दख्खनचे दंगे म्हणतात त्याचा प्रारंभ तो हा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचा भाव अतोनात चढला, तेव्हा सावकाराने हात सैल सोडला होता. युद्ध संपले, भाव कोसळला, पत आटली, आणि त्याच सुमारास सरकारने तीस वर्षांची मुदत भरताच जमाबंदीचे दर चढविले. माणसांच्या अंगावर हात फारसा कोणी टाकला नाही. राग होता तो कागदावर. त्या वणव्याची झळ पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांना लागली, सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा करावा लागला. सुप्याला एखादा पाषाणफलक उभारून हा वृत्तांत वाटसरूंस सांगावा, असे मला मनापासून वाटते.

या कर्जाच्या कागदामागे असलेल्या जमाबंदीचा उगम आणखी मागे, शेजारच्या इंदापूर तालुक्यात आहे. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पैमाषीचा पुढे सर्वत्र लागू झालेला नमुना गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास प्रथम इंदापुरात बसविला. शेत मोजले, मातीची प्रत ठरविली, दर हलका ठेवला, त्यामुळे ओसाड पडलेल्या जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या, हे त्या व्यवस्थेचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु ज्या जमिनीवर पीक नाही ती पडीक, ही दृष्टीही त्याच महसुली व्यवहारातून रुजत गेली, आणि धनगराची मेंढी, लांडगा, चिंकारा आणि गवत यांचा जो एक पुरातन संसार माळावर चालला होता, त्याला वसुलीच्या वहीत रकाना उरला नाही.

म्हणून १९९७ साली सुप्याजवळचा जेमतेम पाच चौरस किलोमीटरचा माळ मयूरेश्वर अभयारण्य म्हणून घोषित झाला, ही घटना मी क्षेत्रफळाच्या मानाने फार मोठी मानतो. अभयारण्य म्हटले की घनदाट वृक्षराजी आणि वाघ यांची अपेक्षा धरून येणाऱ्या कुटुंबाची येथे प्रथम निराशा होते. कारण दिसते ते पिवळे गवत, हिवर, बोर, बाभूळ आणि दगड. मात्र थोडे थांबले की गवताच्याच रंगाची ती हरिणे गवतापासून वेगळी होऊ लागतात. चिंकारा हा कोरड्या मुलखाचाच जीव. पाला आणि दव यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर तो पाण्याच्या घोटावाचून पुष्कळ दिवस काढू शकतो. आकाशात सापमार गरुड घिरट्या घालीत असतो, हिवाळ्यात दूर उत्तरेकडून आलेले भोवत्ये गवतावरून तरंगत जातात, आणि धाविक पक्षी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, म्हणून ठरलेला रस्ता सोडून माळात घातलेले मोटारीचे एक चाकही तेथे घरटे मोडू शकते. ज्या भूमीला पडीक म्हटले गेले तिच्यात एवढी जीवसृष्टी नांदत होती, हे पाहण्यासाठी तरी सुप्याला जावे.

बारामतीजवळ येताच दृश्य पालटते, कारण भाटघर धरणाच्या पाण्यावर चालणारा नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि त्याने या कोरड्या मुलखात ऊस आणला. १८७६-७७ च्या घोर दुष्काळाच्या आठवणीवर उभे राहिलेले हे काम. श्रीधरांनी १७१८ साली शिवलीलामृत पूर्ण केले आणि मोरोपंतांनी बाबूजी नाइकांच्या आश्रयाने आर्या रचल्या ती बारामती कालव्यापूर्वीची. गुळाची आणि साखरेची बारामती त्यानंतरची. पुढे वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना काढून वालचंदनगर वसविले, तेही त्याच पाण्याच्या बळावर.

भिगवणच्या बाजूला मात्र पाण्याने वेगळेच काही केले. पुण्याहून निघालेला लोहमार्ग डिसेंबर १८५८ मध्ये डिकसळपर्यंत येऊन थांबला आणि पुढल्या ऑक्टोबरात बार्शी रोडकडे सरकला. मधले दहा महिने सोलापूरकडचा उतारू डिकसळला आगगाडीतून उतरून बैलगाडीत बसत असे. त्याच डिकसळच्या परिसरात १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी पसरले. एकशे सतरा टीएमसीच्या त्या यशवंतसागराने सोलापूरची तहान भागविली, परंतु भीमाकाठच्या काळ्या मळईच्या जमिनी, वाडे, पार आणि देवळे त्याने पोटात घेतली. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन देऊळ त्यांतलेच. पाणी ओसरलेल्या उन्हाळ्यात त्याचे शिखर वर येते आणि लोक नावेतून दर्शनाला जातात. त्या नावेत सहलीला आलेले असतात, तसे ज्यांचे घर त्या देवळाच्या शेजारी होते तेही असतात, आणि दोघांचे पाहणे एक नसते.

ओसरत्या पाण्याने उघड्या पडलेल्या चिखलावर शेतकरी गाळपेर करतात, आणि त्याच उथळ पाण्यात शेवाळ व सूक्ष्म जीव मुबलक असल्याने रोहित उतरतात. उलटी चोच पाण्यात बुडवून गाळून खाणाऱ्या या पक्ष्याला खोल पाणी उपयोगाचे नाही. धरणाची पातळी खाली जाईल तशी त्याची पंगत वाढते. त्याच्याबरोबर पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात, चित्रबलाक असतात, कुरव असतात. कुंभारगाव आणि डिकसळचे मच्छीमार, ज्यांच्या जाळ्यात पूर्वी केवळ चिलापी आणि कटला येई, ते आता पहाटे पाहुण्यांना नावेतून पक्ष्यांपर्यंत नेतात आणि प्रत्येक पाखराचे नाव सांगतात. बुडालेल्या गावांच्या पाण्यावर उभा राहिलेला हा नवा व्यवसाय प्रामाणिक आहे, आणि घासाघीस न करता त्याचे मोल द्यावे हे मी आवर्जून सांगेन.

जूनमध्ये पाऊस लागतो, पुण्याकडच्या धरणांचे पाणी भीमेला सुटते, फुगवटा चढतो आणि रोहित कच्छच्या रणाकडे निघून गेलेले असतात. मोटारी थांबतात, परंतु वाट रिकामी राहत नाही. १६८५ पासून चालत आलेली तुकोबांची पालखी आषाढात उंडवडीवरून बारामतीला येते, काटेवाडीला परीट धोतराच्या पायघड्या घालतात, धनगर आपल्या मेंढ्यांचे रिंगण पालखीभोवती धरतात, बेलवाडीला गोल रिंगण होते, आणि निमगाव केतकी, इंदापूर करून सराटीला नीरेत पादुकांना स्नान घातले जाते. माळावरून हटविली गेलेली मेंढी वर्षातून एकदा या रस्त्याच्या मध्यभागी मानाने धावते. हाच रस्ता आता पालखी महामार्ग म्हणून चौपदरी होत आहे; पाटसपासून पुढे त्याच्या कडेने वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट योजली आहे, आणि तिच्या कडेला वड-पिंपळ लावून ते जगविण्याचे काम सुप्या-इंदापूरच्या या कोरड्या मुलखात सर्वांत आधी हाती घ्यावयास हवे.