ताटांतली चव आणि पेल्यांतली चव

कांजूरमार्ग स्थानकाच्या पूर्वेस, ठाण्याच्या खाडीच्या बाजूला, मिठागरांची जमीन पसरलेली आहे. २०२० सालीं मेट्रोच्या कारशेडवरून या जमिनीचा वाद उच्च न्यायालयांत गेला, तेव्हां कांजूर आणि मीठ यांचें जुनें नातें मुंबईकरांस पुन्हां आठवलें. जेवणांतील चवी मद्याची चव कशी पालटतात, या प्रश्नाचा आरंभही मिठापासूनच करणें योग्य होय.

प्राचीनांस ही गोष्ट अनुभवानें ठाऊक होती. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत नागरकांच्या आपानकाचें वर्णन आहे. तेथें मधु, मैरेय, सुरा व आसव यांजबरोबर खारट, कडू, तिखट व आंबट पदार्थ असावेत, असें सांगितलें आहे. अशा तोंडीलावण्यास संस्कृतांत अवदंश म्हणतात. आजचा चखणा त्याच कुळांतला. चरकसंहितेंतही, चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत, पिणाऱ्याच्या प्रकृतीप्रमाणें मद्यासोबतच्या आहाराचा विचार केलेला आढळतो.

यामागील कारणें मात्र अलीकडेच उलगडलीं. मीठ कडूपणास दाबतें व त्यायोगें झांकलेला गोडवा वर येतो, हें ब्रेस्लिन व ब्यूचॅम्प या शास्त्रज्ञांनीं १९९७ सालीं दाखविलें. तांबड्या वाइनमधील टॅनिन लाळेंतील प्रथिनांस बांधून तोंडाला कोरड आणतें. सोबत मांस वा चीज असल्यास तो तुरटपणा उतरतो. आंबट घांसामागून घेतलेली वाइन कमी आंबट लागते, तर गोड घांसामागून तीच वाइन अधिक आंबट व रुक्ष वाटते. तिखटाची गोष्ट निराळी. मिरचीचा झोंबरेपणा ही चव नसून दाह आहे. आणि ज्या मज्जातंतूंना मिरची चेतविते, त्यांनाच मद्यार्कही चेतवितो. म्हणून झणझणीत जेवणावर कडक मद्य म्हणजे आगींत तेलच.

या सर्व चवी साष्टीच्या ताटांत एकत्र कशा आल्या, हें पाहण्यासारखें आहे. १५३४ च्या वसईच्या तहानें साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ सालीं मराठ्यांनीं तींत पाय रोवले, आणि १७७४ सालीं ती इंग्रजांच्या हातीं पडली. पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेंतील मिरची या किनाऱ्यावर आली, तशीच वाइन व लसूण यांत मांस मुरविण्याची त्यांची रीतही आली. त्या रीतीच्या पोर्तुगीज नांवावरूनच विंदालू हा शब्द झाला. ईस्ट इंडियन घरांतील इंद्याल तो हाच. परंतु येथें वाइनची जागा शिरक्यानें घेतली, आणि तो शिरका बहुधा ताडामाडाच्या रसाचा असे. अशा रीतीनें वाइनच्या नांवानें जन्मलेला पदार्थ इतका आंबट व तिखट झाला, कीं टॅनिनयुक्त तांबडी वाइन त्याजपुढें कडवट व दाहक लागावी.

यावरून मराठी ताटाचें आणि मद्याचें जमत नाहीं, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. भंडाऱ्यानें पहांटे उतरविलेली ताजी ताडी गोडसर, किंचित् आंबट, फेंसाळ आणि मद्यार्कानें सौम्य असते. तिखट, आंबट व खारट जेवणास जें पेय शोभावें, तें नेमकें हेंच. ही जोडी जिभेनें जुळविली होती, ती कायद्यानें मोडीत आली. १८७८ च्या आबकारी कायद्यानें ताडीवरील सरकारी नियंत्रण घट्ट केलें, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें उरलेली वहिवाटही खुंटली.

पुढें बंदी सैल झाली. २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें द्राक्षवाइनला उत्तेजन देणारें धोरण स्वीकारलें, आणि नाशिकच्या शेनिन ब्लांसारख्या पांढऱ्या वाइन शहरी घरांत येऊं लागल्या. त्यांतील थंड, किंचित् गोड व सौम्य वाइन तिखट कालवणाशीं सहज जुळते. यांत नवल नाहीं. भंडाऱ्याच्या मडक्यानें जें पूर्वींच शिकविलें होतें, तेंच बाटलीनें पुन्हां सांगितलें, इतकेंच.