कोऱ्या कागदावरचा शिक्का

मध्ययुगीन दरबार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं मखमली पडदे, झुंबरं आणि जरीचे अंगरखे येतात. हे चित्र आपल्याला नाटक-सिनेमांनी दिलं. त्या दरबारात माणसाचा जीव किती स्वस्त होता आणि त्या थाटाचा खर्च कुणाच्या घामातून निघत होता, हे पाहायचं असेल तर, श्रोतेहो, मी तुम्हाला बीदरला नेईन. काळ पंधराव्या शतकाचा. बीदर ही बहमनी सुलतानांची राजधानी. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा याच राज्यात होता. तेव्हा ही गोष्ट परमुलखाची नाही, आपल्याच अंगणातली आहे.

इराणातल्या गिलान प्रांताचा महमूद गावान हा व्यापारी १४५३च्या सुमारास बीदरला आला आणि इथलाच झाला. १४६१ साली सुलतान हुमायून वारला, तेव्हा गादीवर बसला आठ वर्षांचा मुलगा. दोन वर्षांत तोही गेला आणि त्याचा धाकटा भाऊ तिसरा मुहंमद सुलतान झाला. कारभार राजमाता आणि दोन वजीर पाहत. त्यांतल्या एका वजिराला, ख्वाजा जहान तुर्काला, १४६६ साली भर दरबारात कापून काढलं. समोर तख्तावर बसलेला सुलतान तेव्हा पोरसवदा होता. पुढं हाच सुलतान दारूच्या आहारी गेला. त्याच्या बालपणी डोळ्यांवर काय काय आदळलं असेल, याचा विचार मात्र इतिहासकार फारसा करत नाहीत.

उरलेला वजीर गावान. दरबारात दोन तट होते, दखनी आणि आफाकी. आफाकी म्हणजे इराण-तुर्कस्तानातून आलेले. दखनी म्हणजे इथले. त्यांत हबशीही मोडत. या भांडणात धर्माचा प्रश्न नव्हता. दोन्हीकडे मुसलमानच होते. दखन्यांचा म्होरक्या मलिक हसन निजाम-उल-मुल्क हा तर मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातला, असं फिरिश्ता हा तवारीखकार सांगतो. भांडण होतं जहागिरींचं, मानपानाचं आणि ‘आपला कोण, परका कोण’ या जुन्या दुखण्याचं.

गावाननं सरदारांच्या मर्मावर बोट ठेवलं. राज्याचे चार मोठे सुभे होते. त्यांना ‘तरफ’ म्हणत. हाच शब्द ‘तर्फ’ होऊन आपल्याकडच्या कितीतरी गावांच्या नावांत, सातबाऱ्यावर अजून दिसतो. गावाननं चाराचे आठ सुभे केले. सुभेदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाकडे घेतले. जमिनीची मोजणी सुरू केली. सरदारांचं वेतन वाढवलं, पण कागदावर दाखवलेले स्वार हजेरीला कमी भरले तर तेवढा पैसा कापायचा, असा नियम केला. खोटी हजेरी लावून खाणाऱ्याला असा माणूस कधी आवडलाय?

गावानला संत ठरवायची मला गरज वाटत नाही. कोकणातले किल्ले आणि गोवा त्यानं १४६९ ते १४७२ या काळात लढून घेतले, आणि त्या मोहिमांची झळ रयतेला लागलीच असणार. पण बीदरचा तीन मजली मदरसाही त्यानंच १४७२ साली पुरा केला. निळ्या-पिवळ्या फरशांनी मढवलेला त्याचा एक मिनार अजून उभा आहे.

याच सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला पोचला. विकायला आणलेला त्याचा घोडा जुन्नरच्या खानानं हिसकावून घेतला होता. तो मोठ्या मिनतवारीनं परत मिळाला. त्यानं लिहून ठेवलं आहे की सरदार चांदीच्या पालख्यांतून फिरतात, पुढं सोन्याच्या साजाचे घोडे चालतात आणि खेड्यातली माणसं मात्र कमालीची दरिद्री आहेत. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १४७३च्या सुमारास, लागोपाठ दोन वर्षं पाऊस पडला नाही. तिसऱ्या वर्षी पडला, तर नांगर धरायला माणसंच उरली नव्हती, असं फिरिश्ता लिहितो. अशा मुलखात दरबारी मंडळी कशात गुंतली होती, तर एक शिक्का मिळवण्यात.

गावानचा शिक्का त्याच्या एका हबशी सेवकाकडं असे. कटवाल्यांनी त्याला दारू पाजली, एका कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि वर ओरिसाच्या राजाला उद्देशून फितुरीचं पत्र लिहिलं. गावानचा पाठीराखा युसूफ आदिल खान मोहिमेवर दूर गेला होता, हे साधून ते सुलतानापुढं ठेवलं. सुलतान तेव्हा कोंडापल्लीच्या छावणीत होता. गावानला बोलावणं आलं. गुजरातकडं निघून जा, म्हणून मित्रांनी विनवलं. तो गेला नाही.

सुलतानानं विचारलं, राजद्रोह्याला काय शिक्षा? गावान म्हणाला, मृत्यू. मग पत्र पुढं आलं. तो म्हणाला, शिक्का माझा आहे, अक्षर माझं नाही. नशेतल्या सुलतानानं ऐकलं नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरीच्या घरातल्या त्या वजिराचं डोकं उडवलं गेलं आणि त्याची छावणी लुटायला मोकळी सोडली. खजिना तपासला, तेव्हा खजिनदारानं सांगितलं की धन्यानं मिळालेलं सारं फौजेवर आणि गोरगरिबांवर खर्च केलं आहे. चटईवर निजणारा, मातीच्या भांड्यांत जेवणारा हा वजीर होता, अशी नोंद आहे.

वर्षभरात, १४८२ साली, सुलतानही गेला. मलिक हसनचा १४८६ साली बीदरमध्येच खून झाला. १४९० पासून सुभेदार एकेक करून स्वतंत्र झाले आणि पुढं बहमनी राज्याच्या पाच शाह्या झाल्या. त्यांच्या फौजा शंभराहून अधिक वर्षं त्याच शेतांतून एकमेकांवर धावून जात राहिल्या.

निकितिननं बीदरच्या राजवाड्याविषयी आणखी एक गोष्ट टिपली आहे. त्याला सात दरवाजे होते आणि प्रत्येक दरवाजाशी शंभर पहारेकरी आणि शंभर लेखनिक बसत. आत कोण आलं, बाहेर कोण गेलं, सगळं लिहून घेत. लिहिणाऱ्यांची एवढी फौज पदरी असलेल्या सुलतानाला त्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा होता, की हे अक्षर कुणाचं? तो त्यानं विचारला नाही, आणि त्याची किंमत ज्यांना लिहिता-वाचताही येत नव्हतं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)