नव्या अभ्यासक्रमाची परवानगी आणि रानड्यांचा प्रश्न

एखाद्या संलग्न महाविद्यालयाला मराठीचे पदव्युत्तर वर्ग सुरू करावयाचे असतील, तर प्रस्ताव विद्यापीठाकडे जातो, तेथून शिफारशीसह मंत्रालयात, आणि अखेरचा शब्द शासनाचा असतो. आम्ही अध्यापक ही व्यवस्था जणू अनादी आहे असे समजून चालतो. वस्तुतः तिला जन्मवर्ष आहे: 1904.

त्यापूर्वीचा वाद निराळा होता. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि पुढच्याच दशकात, अभिजात भाषांच्या आग्रहापायी, देशी भाषा वरच्या परीक्षांतून बाहेर पडल्या. त्यांना परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांनी विद्यापीठात दीर्घकाळ खटपट केली. आक्षेप मुख्यतः असा, की एम.ए.ला लावण्याजोगे वाङ्मय मराठीत आहे कुठे? मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील त्यांचे 1898 चे टिपण या पार्श्वभूमीवर वाचले, की त्याचा खरा रोख कळतो. ते रसिकाचे टिपण आहे, तसेच वकिलाचेही. 16 जानेवारी 1901 रोजी रानडे गेले, आणि त्याच सुमारास एम.ए.ला मराठीचा प्रवेश झाला.

तो आक्षेप आज आम्हांला अपमानास्पद वाटतो. मात्र तो विषयाच्या योग्यतेविषयी होता, म्हणूनच त्याला ग्रंथांच्या आधारे उत्तर देता आले.

मग कर्झनशाहीचा 1904 चा विद्यापीठ कायदा आला. मुंबईच्या सिनेटमध्ये जास्तीत जास्त 100 सदस्य आणि त्यांतले निवडून आलेले अवघे 20. उरलेले बहुतांशी सरकारनियुक्त. गोखल्यांनी कायदेमंडळात या विधेयकाला कडवा विरोध केला तो विद्यापीठे सरकारी खाते होतील म्हणून. कलम 21 प्रमाणे संलग्नता मागणाऱ्या महाविद्यालयाने शिक्षकांची पात्रता, इमारत, ग्रंथालय, आर्थिक बळ दाखवावयाचे. परिसरातल्या इतर महाविद्यालयांची सोय पाहता आपल्या येण्याने शिक्षणाचे वा शिस्तीचे नुकसान होणार नाही, हेही पटवावयाचे. सिनेटने मत द्यावे, निर्णय सरकारने. आणि लगतच्या कलम 22 मध्ये, काहीशा बिनबोभाट रीतीने, संलग्न महाविद्यालयाला नवा अभ्यासक्रम जोडावयाचा झाल्यास हीच वाट सांगितली आहे. आजच्या आमच्या प्रस्तावांचे मूळ या दोन-तीन ओळींत आहे.

साम्राज्य गेले, वाट राहिली. महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, 1994 च्या कलम 82 ने बृहत् आराखडा आणला, ही चांगली गोष्ट. गाव-तालुक्याची गरज आधी ठरावी, मग परवानगी. परंतु नव्या महाविद्यालयांपुरते पाहिले तर त्याच कलमाने शासनाला पूर्ण स्वेच्छाधिकार दिला, आणि विचारात घ्यावयाच्या बाबी सांगितल्या त्या अशा: शासनाची आर्थिक साधने, संस्थाचालकांची योग्यता, स्थळाविषयीचे राज्याचे अग्रक्रम. शिवाय अपवादात्मक प्रसंगी, कारणे नोंदवून, विद्यापीठाने न शिफारलेला प्रस्तावही मंजूर करण्याची मुभा. 2016 च्या कायद्यात कलमाचा आकडा 109 झाला. स्वेच्छाधिकार आणि मुभा दोन्ही कायम राहिली. शिक्षक-ग्रंथालयाची पाहणी विद्यापीठाच्या समित्या करतात, हे खरे. पण शासन ज्या यादीवरून अंतिम निर्णय घेते, तिच्यात शैक्षणिक म्हणावी अशी एकही बाब नाही. रानड्यांना मिळालेला प्रतिपक्ष आम्हांला मिळतच नाही.

यातली विसंगती 2001 नंतर उघडी पडली. त्या वर्षापासून नव्या परवानग्या ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर देण्याचे धोरण आले. म्हणजे ज्यावर शासन एक पैही खर्च करणार नाही, त्याची परवानगी शासनाच्या आर्थिक साधनांचा विचार करून द्यावयाची! व्यवस्थापन वा संगणकाचा वर्ग शुल्कावर तगतो. मराठीच्या एम.ए.ला येणारी मुले बहुधा शेतकऱ्या-मजुरांच्या घरची; त्यांच्या शुल्कातून पूर्णवेळ प्राध्यापकाचे वेतन निघत नाही. परवानगी मिळते, पद मिळत नाही. वर्ग चालतो तो पदवीच्या अध्यापकांच्या जादा तासांवर आणि तासिका तत्त्वावरच्या तरुणांवर. त्यांतले बरेच जण नेट-सेट, पीएच.डी. झालेले असतात आणि मानधनाची वाट पाहत एका गावाहून दुसऱ्या गावी तास घेत फिरतात.

प्रस्तावाच्या नमुन्यात खोल्यांचे क्षेत्रफळ भरावे लागते, ठेवीची पावती जोडावी लागते, ग्रंथसंख्या लिहावी लागते. कोणते ग्रंथ, हे विचारणारा रकाना आमच्या पाहण्यात नाही.