मूठ नवी, गियर जुना



धार आणि देवास ही नावे घेतली की मराठी मनाला प्रथम पवारांचे घराणे आठवते. देवासात तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या नांदत होत्या. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. पुढे त्या भूमीवर कारखाने उभे राहिले, आणि तलवारीच्या मुठीने ज्यांनी इतिहास घडवला त्यांच्या मुलखात मोटारींचे गियर घडू लागले. आज मी बोलणार आहे ते अशाच एका लहानशा मुठीविषयी. गियरच्या दांड्यावर बसवलेल्या मुठीविषयी.

जुन्या स्वयंचलित मोटारीला नव्या मोटारीची मूठ बसवावी, अशी हौस अनेकांना असते. जुनी मूठ उन्हाने तडकलेली असते. नवी चामड्याने मढवलेली, हाताला मऊ लागणारी असते. एक काढावी, दुसरी फिरवून बसवावी, इतके हे काम सोपे वाटते. परंतु मूठ हा निव्वळ दागिना नव्हे. ती एका साखळीची शेवटची कडी आहे, आणि हे ध्यानात येण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले होते. बागा आणि वीजघर यांच्याबरोबर संस्थानच्या मोटारींची देखरेखही त्यांच्याकडे होती. त्या काळी गियर बदलणे ही एक कसरतच होती. दातेरी चाकांचा वेग जुळला नाही की ती करकरत. म्हणून चालकाला क्लच दोनदा दाबावा लागे, आणि दांड्यातून हाताला जाणवणारा कंप हीच त्याची खूण असे. १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारीत चाकांचे वेग आपोआप जुळवणारी योजना आली. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गियरबॉक्स बाजारात आणला आणि डाव्या पायाचे काम संपले. आता चालकापुढे राहिला एक दांडा आणि काही अक्षरे.

या अक्षरांनीच पुढे अनर्थ केला. काही मोटारींत त्यांचा क्रम पी, एन, डी, एल, आर असा होता. म्हणजे पुढे जाण्याच्या खालच्या गियरला लागूनच मागे जाण्याचा गियर. दुसऱ्या कंपनीच्या मोटारीत क्रम निराळा. एकीची सवय झालेला हात दुसरीत चुके, आणि पुढे जावी ती मोटार मागे उसळे. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात या गोंधळावर कडक टीका केली. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत नियम लागू झाला तो असा : पुढची आणि मागची गती यांच्यामध्ये न्यूट्रल असलेच पाहिजे, आणि दांडा कोणत्याही गतीत असताना इंजिन सुरू होता कामा नये. आज आपण सहज वाचतो तो पी, आर, एन, डी हा क्रम अशा अपघातांतून रूढ झाला आहे.

आता पुन्हा धारकडे वळू. इंदूरच्या नैऋत्येला, धार जिल्ह्यात, पीथमपूर ही औद्योगिक वसाहत आहे. हिंदुस्थान मोटर्सने इसुझु या जपानी कंपनीच्या सहकार्याने तेथे इंजिने व गियरबॉक्स तयार करण्याचा कारखाना काढला. कंपनीची अँबॅसडर ही गाडी मुळात १९५६ च्या मॉरिस ऑक्सफर्डच्या बांध्याची. तिचा गियरचा दांडा सुकाणूच्या खांबावर होता. म्हणून पुढच्या सलग बाकावर चालकाशेजारी दोघे सुखाने बसत. नव्वदीच्या आरंभी या जुन्या बांध्यात १८०० घन सेंटिमीटरचे इसुझु इंजिन आणि पाच गियरचा बॉक्स बसला. दांडा खांबावरून उतरून तळाशी आला. मूठ बदलली खरी, पण ती एकटी बदलली नाही. तिच्याबरोबर इंजिन, गियरबॉक्स आणि चालकासमोरची घड्याळांची पाटीही बदलली. शेजारच्या देवासातही गजरा गियर्ससारख्या कारखान्यांत दातेरी चाके घडतात. एका दाताचे माप चुकले तर सारा गियरबॉक्स ओरडतो, हे तिथल्या कारागिरांना सांगावे लागत नाही.

हाच न्याय स्वयंचलित मोटारीच्या मुठीला लावावा. नव्या मुठीवर बहुधा एक कळ असते. कळ दाबली की पोकळ दांड्यातील बारीक सळई हलते आणि खाचेत अडकलेली खीळ सुटते. ही खीळच पी आणि आर यांची राखण करते. नव्या मुठीच्या कळीची चाल कमी पडली तर खीळ सुटत नाही. ती जास्त झाली, किंवा मूठ दांड्यावर अधिक खाली बसली, तर खीळ खाचेत परत पडत नाही. मग दांडा पी वर दिसतो, पण धक्का लागताच निसटू शकतो, आणि उतारावरची मोटार चालकाविना चालू लागते. काही अलीकडच्या मोटारींत तर दांडा आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये सळईच नसते, केवळ विजेची तार असते. तिथली मूठ जुन्या दांड्याच्या उपयोगाची नाही.

अक्षरांचेही तसेच. २०१४ मध्ये आपल्याकडे मारुती सेलेरियो आली. तिच्या आपोआप बदलणाऱ्या गियरमध्ये पी हे स्थानच नव्हते. अशा गाडीला पी कोरलेली मूठ बसवली, तर ती मूठ रोज खोटे बोलेल.

म्हणून मूठ घेण्यापूर्वी दांड्याचे आटे, कळीची चाल आणि अक्षरांचा क्रम, ही तिन्ही जुळवून पाहावीत. बसवल्यावर सपाट जागी, चाकांना दगड लावून, प्रत्येक स्थान तपासावे. पी आणि एन सोडून इतरत्र इंजिन सुरू होत नाही ना, हेही पाहावे. पीथमपूरला आज मोटारींच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग आहे. तो २०२१ मध्ये खुला झाला. घरच्या अंगणातली आपली तपासणी त्यापुढे अगदी लहान. पण तिचा हेतू तोच.

देवासच्या एका गावात दोन गाद्या नांदल्या. मोटारीत मात्र मुठीचे राज्य वेगळे आणि गियरबॉक्सचे वेगळे, असे चालत नाही. हात जे वाचतो तेच चाकांनी केले पाहिजे.